टोपीने दिलेला होकार

ती. कडूमामा, समाधानचा लांबूनच वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, मामीची शुगर आणि बहादरपूरची केळी, तिघांची तब्येत बरी असेल असं धरून चालतो. माझीही बरी आहे, फक्त झोप उडाली आहे.

मी इथे एका विधानसभेत खुर्च्या आणि माइक पुसतो (कोणत्या राज्याची ते लिहीत नाही, ठेकेदाराने दम दिलाय). काम सोपं, पण जागा बरोबर नाही. नवीन कायद्याचा कच्चा कागद आला, की कोणीतरी उठून म्हणतं, हा आधी समितीकडे पाठवा, चार जण नीट वाचतील, ज्यांना लागू होणार त्यांनाही विचारतील. मग मतदान. बटण दाबलं की भिंतीवरच्या बोर्डावर नावासमोर दिवा लागतो, हो असेल तर हिरवा, नाही तर लाल. आता अर्धे आमदार खुर्चीवर शाल टाकून कँटीनमध्ये (समोसे खरंच चांगले असतात). तरी बोर्ड लालच लाल. मी दाराशी उभा राहून पाहिलं मामा, त्या शालींजवळ कोणाचा हात नव्हता. आणि मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आमदारांच्या नावासमोर एकच हिरवा. ते तर पोळ्यालाच वारले. नंतर त्यांची खुर्ची पुसायला गेलो, तर ती गरम लागली.

मतांचं रेकॉर्ड ठेवणाऱ्या हिमानी मॅडमला विचारलं. त्या म्हणाल्या, भाषणं वाच, सगळेच छाननीवाले. मतं वाच, तर इतकी वर्षं ते एकटेच. मी म्हटलं, पण ते वारले ना. मॅडमने मान वरसुद्धा केली नाही. "मग काय झालं? बाकीचे तरी कुठे बसलेले असतात?"

तेव्हापासून मला तुमच्या बुधवाऱ्यातल्या घरची सतरंजी दिसते. जो हजर नाही त्याची टोपी ठेवायची, टोपी म्हणजे माणूस, ही आपली रीत. माझ्या लग्नाच्या बैठकीत तुम्ही माझी टोपी ठेवली. तुमच्या शीतलने मोबाइलवर व्हिडिओ पाठवलाय. तुम्ही विचारता, समाधान, मान्य? आणि माझ्या आवाजात कोणीतरी "हो" म्हणतं. मामा, मी त्या वेळी इथे माइक पुसत होतो.

तुमचा उघड्या डोक्याचा भाचा,
समाधान

ता. क. : आखाजीला सुपारी फोडू नका. आधी हे लग्न समितीकडे पाठवा. धुरपदाबाई आत्याला आपल्या लालबागला त्या मुलीच्या घरी धाडा, ती कोणाचं ऐकत नाही, म्हणून तीच बरी. आणि मुलीला कोणी विचारलं का, तेही बघा.

आणखी ता. क. : पत्र पाकिटात घालता घालता त्या मुलीचा, वैजयंतीचाच फोन आला. बैठकीच्या दिवशी ती घरीच नव्हती म्हणते, पाटावर तिची ओढणी ठेवली होती. ओढणी हो म्हणाली. मग आम्ही दोघं बराच वेळ बोललो.

शेवटची ता. क. : आत्याला सावकाश धाडा, घाई नाही. सुपारी मात्र आणून ठेवा. आणि हे टोपीसमोर वाचू नका.