शीर्षकावरची पट्टी

३ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं एकदाचं. सतरा तारखेला पोस्टर! विभागाच्या मोठ्या हॉलमध्ये आपलं संशोधन भिंतीला टांगायचं, शेजारी उभं राहायचं आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना समजावून सांगायचं. तोंडाने. त्यावरून पीएच.डी.ची जागा ठरणार. जागा एक, उमेदवार दोन – मी आणि मिश्या, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला मिशीवाला. मिश्या तणांवर काम करतो आणि नळ सोडल्यासारखा बोलतो. मी गांडुळांवर काम करते आणि मला ‘गांडूळ’ म्हणता येत नाही.

इथे बघ कसं सरसर येतं. गांडूळ, गांडूळ, गांडूळ. तोंडात आलं की ‘ग’ला कुलूप. घरात सगळे म्हणतात, ‘लहानपणी अडखळायची, आता गेलं.’ गेलं कुठे? तिथेच बसलंय पाय पसरून. मी फक्त पत्ता लागू देत नाही. अडणारा शब्द समोरून येताना दिसला की बाजूच्या गल्लीतून सटकते. गरम पाण्याला उकळलेलं पाणी, गाडीला वाहन. दादा चिडवतो, ‘वाहन कुठे लावलंस विचारते, जशी काही ट्रॅफिक पोलीसच!’ चिडवू दे.

पण जगात एवढे प्राणी असताना दोन वर्षं काढली ती ‘ग’वाल्याबरोबर. हौस म्हणतात ती हीच!

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिला आराखडा घेऊन मार्गदर्शक बाईंकडे गेले. त्यांनी तो दाराला चिकटवायला लावला आणि स्वतः व्हरांड्याच्या पार त्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

‘अगं, इथून काय दिसतंय सांगू? राखाडी भिंत.’

सगळं घातलं होतं मी. प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष, आधीच्या वीस जणांनी काय केलं ते. एक ओळ सुटली नव्हती. बाई परत आल्या, लाल पेनाने तीन मोठे चौकोन खोडले. ‘पोस्टर म्हणजे भिंतीला चिकटवलेला प्रबंध नव्हे. निम्मं काप.’

त्यांना कसं सांगू! कागदावरून कापलेला प्रत्येक शब्द माझ्या तोंडातून यावा लागणार. लिहिलेलं असलं की नुसतं बोट दाखवता येतं – ‘हे इथे दिलंच आहे.’ एवढ्यासाठी तर भिंत बांधली होती.

आणि ते ‘अगं’! दोन वर्षं झाली, बाईंनी मला एकदाही नावाने हाक मारलेली नाही. मिश्याला निदान ‘मिश्या’ अशी हाक तरी आहे, मी नुसती ‘अगं’. बोलणंही तुटक – दोन शब्द, की लाल पेन. फोन वाजला तर मानेने मिश्याला खूण, तू घे. बाईसाहेबांना फोन उचलायलासुद्धा माणूस लागतो!

६ फेब्रुवारी, गुरुवार

निम्मं कापलं. बाई म्हणाल्या, ‘अजून निम्मं.’

९ फेब्रुवारी, रविवार

दिवाणखान्यात जमिनीवर कागद पसरून बसले होते. वहिनी चहा घेऊन आली आणि फोटोंपाशी थबकली. मातीच्या दोन नळ्या, उभ्या चिरलेल्या. दोन्हींतली माती जड यंत्राच्या चाकाखाली दाबावी तशी ठोकून भरलेली. एकीत गांडुळं सोडली होती, दुसरीत नाही. सहा महिन्यांनी चिरल्या.

‘ही वीट आणि हा पाव,’ वहिनी म्हणाली. ‘एवढं छान दिसतंय तर तिकिटाएवढं का ठेवलंयस?’

खरंच की. मी फोटो मोठे केले. मजकूर आणखी आक्रसला.

मग वहिनी हट्टाला पेटली – म्हणून दाखव सगळं, आम्ही परीक्षक. आई, दादा, वहिनी ओळीने सोफ्यावर. मी उभी राहिले, सुरुवात बरी झाली. ‘आम्ही त्या मातीत ग–’

अडकलं.

आई लगेच मदतीला. ‘गहू?’ नाही. ‘गवत?’ नाही! दादा म्हणाला, ‘गोगलगाय!’ हसून हसून सगळे आडवे. मीही हसले. जन्मभर आई माझी वाक्यं पूर्ण करत आली आहे, बहुतेक वेळा चुकीची. मी कितीदा गहू नको असताना गहू चालेल म्हटलंय!

नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाहेर आले तर वहिनी दाराशी उभी. मघाशी ती एकटीच हसली नव्हती, ते आत्ता लक्षात आलं. टॉवेल पुढे केला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

शीर्षकावरून खडाजंगी. मी लिहिलं होतं, ‘मृदाजीवांचा संपीडित मृदेवरील परिणाम: एक अभ्यास’. बाईंनी ते नाकाजवळ धरलं, लांब धरलं.

‘परिणाम काय झाला?’

‘माती मोकळी झाली.’

‘मग तेच लिही ना. शीर्षकातच निकाल सांग. आणि जीव कोणता?’

मी पानाकडे बोट दाखवलं. बाईंनी पेन उचलून स्वतःच लिहिलं – ‘गांडुळांनी घट्ट माती मोकळी केली’. पहिलाच शब्द! हॉलच्या दारातून दिसेल एवढ्या अक्षरात! म्हणजे जो येईल तो आधी तेच विचारणार. मिश्या शेजारच्या टेबलावरून म्हणाला, ‘झकास आहे गं, हेवा वाटतो.’ तोंड बघ याचं.

मी हो म्हटलं. मनात नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज केलं ते शहाणपणाचं की मूर्खपणाचं, देव जाणे.

छपाईच्या दुकानात फाइल उघडली. छपाईवाला म्हणाला, ‘एकदा नीट बघून घ्या मॅडम, नंतर आमच्या नावाने ओरडू नका.’ मी नीट बघितलं आणि पहिला शब्द बदलला. गांडुळांनी काढलं, मृदाजीवांनी घातलं. बाईंनी परीक्षकांसमोर पाहिलं तरी पाहिलं, तोपर्यंत माझं बोलून झालेलं असेल.

यंत्रातून पोस्टर हळूहळू बाहेर येत होतं. छपाईवाला मान तिरकी करून वाचत होता.

‘मृदाजीव म्हणजे काय हो?’

‘मातीत राहणारे प्राणी.’

‘म्हणजे उंदीर?’

मी हसले. पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून जाईना. उंदीरही राहतातच की मातीत. मुंग्या, विंचू, सगळे राहतात. दोन वर्षं ज्यांच्यासाठी हात मातीत घातले, त्यांचंच नाव मी पुसलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंनी पोस्टर आजच मागितलं. आली का पंचाईत! टेबलावर उलगडलं. त्या वाकल्या, वाचलं, सरळ झाल्या.

‘अगं, हे कुणी बदललं?’

‘मी. तो शब्द जास्त व्यापक आहे.’

बाई ओरडतील म्हणून मी अंग चोरून उभी.

‘व्यापक शब्द लपायला बरे असतात,’ त्या म्हणाल्या.

कळलं की काय यांना? मला वाटलं आता पुढे काही बोलणार. ओठ हललेसुद्धा. मग तोंड मिटलं, लाल पेन घेतलं, चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. ‘पट्टी छापून शीर्षकावर चिकटव. तोच शब्द. त्याच अक्षरात.’ समोर उभ्या असलेल्या माणसाला चिठ्ठी! एवढा तोरा!

मला बाईंचा राग येतो. भीतीही वाटते. आणि जागा हवी आहे, खूप हवी आहे. ती गेली तर नळ्या धुऊन ठेवायच्या आणि घरी बसून आईने पूर्ण केलेली वाक्यं ऐकायची.

१६ फेब्रुवारी, रविवार

पट्टी लावली. एक कोपरा सारखा उचकटतोय. दिवसभर अंगठ्याने दाबतेय, जेवण जात नाही. दादा आज चिडवत नाहीये, म्हणजे माझं तोंड फारच वाईट दिसत असणार. वहिनीने परत तालीम घे म्हटलं नाही. नुसतं म्हणाली, ‘अडकलीस तर अडक. पळू नकोस.’ हिला काय जातंय म्हणायला!

१७ फेब्रुवारी, सोमवार

आल्या आल्या लिहायला बसलेय.

हॉलमध्ये ओळीने बोर्ड. माझा खिडकीजवळ, मिश्याचा शेजारी. खिडकीतून वारा आला की पट्टीचा कोपरा फडफडायचा. मिश्याने काही न विचारता स्वतःची एक टाचणी काढून माझ्या कोपऱ्यात खुपसली. त्याचा मला राग येतो तो अशा वेळी नीट येत नाही.

परीक्षक दोन. एक उंच, एक ठेंगणे. मिश्याकडे आधी गेले. तो बोलला, हसवलं त्यांना, हात हलवले. मग माझ्याकडे वळले. ठेंगणे परीक्षक फोटोंपाशीच थांबले. ‘वा! हे लांबूनच कळत होतं.’ मला जरा धीर आला.

सुरू केलं. घट्ट माती, जड यंत्रं, मुळं खाली जात नाहीत, पाणी मुरत नाही. छान चाललं होतं. मग मी म्हणाले, ‘या नळीत आम्ही हे जीव सोडले–’

‘कोणते जीव?’ उंच परीक्षक.

मी शीर्षकाकडे बोट दाखवलं. हातखंडा युक्ती!

‘ते मी वाचलं हो. तुमच्याकडून ऐकायचंय.’

झालं. गल्ली नाही, बोळ नाही. तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. जीभ टाळूला चिकटून बसली, मान ताठ, डोळ्यांत पाणी. समोरच्या भिंतीपाशी बाई उभ्या होत्या. सरळ माझ्याकडेच बघत होत्या. यायचं होतं ना दोन पावलं! काही तरी बोलून सोडवायचं होतं! जागच्या हलल्या नाहीत. मिश्याची मात्र मान खाली.

ठेंगण्या परीक्षकांना दया आली. ‘गांडुळं ना? हां, मग पुढे–’

आणि मला गहू आठवला. गवत, गोगलगाय, सगळं आठवलं.

‘थांबा,’ मी म्हटलं. ‘माझं मला म्हणू द्या.’

मी परत सुरुवात केली. ग, ग, ग – किती वेळ चाललं कोण जाणे, शेजारच्या बोर्डांवरची माणसंही बघायला लागली – आणि आलं. गांडुळं! मोठ्याने आलं, ओरडल्यासारखं. त्यानंतर मी ते दर वाक्यात म्हटलं. दर वेळी अडकलं. दर वेळी आलं.

उंच परीक्षकांनी अवघड विचारलं – गांडुळं घट्ट थर स्वतः फोडतात, की आधीच्या भेगेतून नुसती वाट काढतात? मला माहीत होतं! भेग नसलेली नळीसुद्धा आम्ही केली होती, त्यातही बिळं पडली, फक्त वेळ लागला. सांगितलं. अडखळत, पण सगळं. त्यांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढे गेले. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

बाईंकडे पाहिलं तर त्या पाठ फिरवून दाराबाहेर चालल्या होत्या. शब्द नाही की मान हलवणं नाही. लाज वाटली असेल त्यांना माझी.

जागा मिश्याची. स्पष्ट आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी बाईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. हातात निकालाचा कागद. एरवी असा कागद त्या मिश्याच्या हातात देतात, वाच म्हणून. आज दिला नाही. उभ्या राहिल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, ‘पीएच.डी.ची जागा...’

मग माझ्या नावाचं पहिलं अक्षर आलं. पुन्हा आलं. पुन्हा. बाईंची मान ताठ झाली, ओठ थरथरले, डोळ्यांत पाणी आलं. मला ते सगळं ओळखीचं होतं. कुणीतरी मदतीला नाव पुरवायला तोंड उघडलं, मी त्याचा हात धरला.

मिश्याचं नाव त्या अक्षरावर सुरू होत नाही, म्हणजे निकाल मला तेव्हाच कळला होता. तरी बाईंच्या तोंडून माझं नाव पुरतं येईपर्यंत मी हलले नाही.