मावशीने दिलेली पुरचुंडी

बहारीन,
ता. ९ सप्टेंबर १९६५

तीर्थरूप यमुनामावशीस सहदेवचा साष्टांग नमस्कार.

मी बरा आहे. उन्हाने जीव नको होतो, पण काम चालू आहे. देवबागेत नारळीपौर्णिमा होऊन होड्या पाण्यात गेल्या असतील. मथुरे, मावशीची पत्रं तूच लिहितेस, तर हे पत्रही तिला तूच वाचून दाखव, पोस्टमनकडे देऊ नकोस. आणि मध्येच रडत बसू नकोस, शेवटपर्यंत वाच.

मावशी, तुझा पोटचा गुरुदास गेल्यापासून तू देवळात पाऊल टाकलं नाहीस, घरातला दिवाही लावत नाहीस. ‘अंगारो पावलो तरी माझो झील गेलो, मगे देवी कित्याक होई?’ असं तू लिहवून घेतलंस. ते वाचल्यापासून मला घास गिळवत नाही.

गुरुदास इथल्या इस्पितळात तापाने पडला होता, म्हणून मी निघताना तू अंगाऱ्याची पुरचुंडी दिलीस. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात शिवलेली. ‘वाटेत कोणाक सोडूक दिव नको. परक्याचो हात लागलो तर गुण जाता,’ म्हणालीस.

मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्यांनी रांगेतून मला एकट्यालाच बाजूला काढलं. का, ते देव जाणे. ट्रंक उपसली, सदरा काढायला लावला, चपलासुद्धा उलट्या करून पाहिल्या. मग पुरचुंडी सापडली. ‘उसवा,’ म्हणाले. मी ती घट्ट धरून राहिलो, तसा त्यांचा संशय वाढला. ‘कोणाची आहे? आत काय आहे?’ बाहेर विमान उभं. ते चुकलं तर नोकरी गेली. मी बोलून गेलो, ‘माझी नाही, साहेब. कोणीतरी दिली.’

त्यांनी ब्लेडने उसवली. नुसती राख निघाली. साहेब भला माणूस, म्हणाला, ‘अंगारा दिसतोय. घेऊन जा.’ पण आता घेतली तर मी खोटा ठरणार, पुन्हा अडकवणार. ‘नको,’ म्हटलं आणि विमानात जाऊन बसलो.

कोणीतरी! आई गेल्यावर तू मला वाढवलंस मावशी, आणि मी तुला कोणीतरी म्हटलं.

गुरुदासने पहिलंच विचारलं, ‘आयेन काय धाडल्यान?’ मी बाहेर जाऊन उदबत्ती जाळली आणि तिची राख त्याच्या कपाळाला लावली. तो हसला. ‘सहदेवा, ह्यो आमच्या देवळातलो न्हय रे. पण आयेक पावलो म्हणान सांग.’ तिसऱ्या दिवशी तो गेला. मी तुला तसंच कळवलं, त्याच्या शब्दाआड लपून.

अंगारा लागला असता तर तो वाचला असता का, मला ठाऊक नाही. पण तुझी देवी त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. मी तिला एका टेबलावर टाकून आलो. तिच्यावर रुसू नकोस. हे पत्र ऐकलंस की दिवा लाव. रुसायचं ते माझ्यावर रूस. मी गावी येईन तेव्हा मला दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझा म्हणवून घ्यायला धजत नसलेला,
सहदेव