रियाच्या लॅपटॉपला लागलेली दृष्ट

॥ एकवीरा आई प्रसन्न ॥
पनवेल, रविवार

माझ्या जिवाभावाच्या भामाला गुणाबाईचा पोटभर रामराम.

गुडघे कसे आहेत तुझे? तुझ्या निकेशच्या होडीचं इंजिन झालं का, की अजून इंजिनवाला येतोच आहे? मागच्या खेपेचे बोंबील झकास निघाले, सुकटीत मात्र वाळू होती (राग मानू नको, तुझ्याकडची म्हणून निवडून खाल्ली). इकडे सगळी बरी आहेत, आणि मी इतकी खुशीत आहे की दहादा फोन करावासा वाटला. पण तू फोनचा आवाज मोठा करून बोलतेस, आणि अख्ख्या करंजा बंदराने ऐकावं असं हे प्रकरण नाही. म्हणून लिहिते. उद्या रंजिता इकडच्या बाजारात मासळी घेऊन येईल, तिच्या हाती देईन. तुझीच लेक आहे, तरी पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलंय.

तर माझी नात रिया, कल्पेशची धाकटी, कॉम्प्युटरचं शिकून घरी बसली होती हे तुला ठाऊक आहे. बसली म्हणजे लॅपटॉपसमोर बसली. एका मोठ्या कंपनीने तिची मुलाखत ठरवली, शुक्रवारी अकरा वाजता, तीही त्या पडद्यावरूनच. (आपल्याला बघायला आलेली माणसं निदान पोहे खाऊन तरी जायची.) पंधरा दिवस ती तयारी करत होती आणि मी शेजारी टेबलाला हात टेकून मोडाचे वाल सोलत होते. ती काय करते त्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण पोरगी मधेच मान वर करून माझ्याकडे बघून हसते, तेवढ्यासाठी मी पाच किलो वाल सोलले असतील. रोज बिरडं खाऊन कल्पेश म्हणाला, आई, आता मलाच मोड येतील.

अशात तो पडदा लुकलुकायला लागला. जातो, येतो, परत जातो. रियाने बंद करून चालू केला. झाकण पुढे-मागे करून बघितलं, कारण बिजागरीतली वायर तुटत आली असेल तर झाकण हलवलं की कळतं म्हणे. एक दुपारभर काहीतरी नवीन त्याच्यात भरत बसली. काही नाही. आणि बिघाड असा लबाड की मी वाल धुवायला उठले की गायब, येऊन बसले की हजर. मला वाटायचं, बरं झालं, निदान बिघडतो तेव्हा मी पोरीजवळ असते.

आता मला आठवलं की शेजारची ठमाबाई आदल्याच शनिवारी येऊन त्याच्याकडे टक लावून बघत होती. केवढा गो त्याचा उजेड, म्हणाली. झालं. मी मीठ आणि सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या आणि लॅपटॉपवरून ओवाळल्या. भामा, तुला खोटं वाटेल, मूठ फिरली की पडदा काळा. सातही वेळा. एवढी कडक दृष्ट मी माझ्या चार पोरांनाही कधी लागलेली बघितली नाही. मिरच्या जाळल्या तर ठसका म्हणून लागला नाही. त्या दिवसापासून मी ठमाबाईशी बोलणं टाकलं.

दृष्ट काढूनही फरक पडेना, तेव्हा रियाने लॅपटॉप एसटी स्टँडामागच्या दुरुस्तीवाल्या भावेशकडे दिला. त्याने दोन दिवस चालू ठेवला, एकदासुद्धा लुकलुकला नाही. बुधवारी मशीन ठणठणीत आहे म्हणून परत आला. मी आनंदाने वालाचं ताट घेऊन बसले, आणि पडदा गेला. रियाने झाकण लावलं. मग म्हणाली, "आजी, परवा त्यांना काय सांगू? मी कॉम्प्युटरवाली आणि माझाच पडदा चालत नाही?" डोळे भरले होते गं तिचे. वाल माझ्या हातातच राहिले.

गुरुवारी मी स्वतः तिच्याबरोबर दुकानात गेले. तिथे लॅपटॉप शहाण्यासारखा चालत होता, आणि भावेश रियाकडे असा बघत होता जसा डॉक्टर शाळा चुकवणाऱ्या पोराच्या पोटाकडे बघतो. मला राग आला. मी पुढे होऊन लॅपटॉपच्या कोपऱ्यावर हात ठेवला, म्हटलं नीट बघ की रे, आणि पडदा काळा. मला असा आनंद झाला जसा चोर पकडला. भावेश म्हणाला, खोलावा लागेल, चार दिवस लागतील. मी त्याला हात जोडले की बाबा, उद्या अकराला मुलाखत आहे. हात जोडले आणि पडदा आला.

भावेशने माझ्या हातांकडे बघितलं. म्हणाला, "आजी, हात परत ठेवा." ठेवला, पडदा गेला. उचलला, आला. दुसरा ठेवायला लावला, काही नाही. मग त्याने ताटलीतला एक बारकासा स्क्रू माझ्या उजव्या मनगटाजवळ धरला. तो उडी मारून चिकटला.

होय भामा. आपलं चुंबकाचं कडं. चैत्रात कार्ल्याच्या पायऱ्या उतरताना सांधेदुखीवर म्हणून दोघींनी एकसारखी घेतली, आणि कळसाकडे बघून शपथ घेतली की मरेपर्यंत काढायची नाहीत, तीच. भावेशने समजावलं की लॅपटॉपच्या झाकणात चुंबक असतो, झाकण पडलं की खालच्या भागाला तो जाणवतो आणि पडदा झोपतो. माझं कडं जवळ आलं की त्याला वाटायचं झाकणच पडलं. म्हणजे बिघाड मशीनमध्ये नव्हता, तो शेजारी बसून वाल सोलत होता. रिया दुकानाच्या पायरीवर बसून इतकी हसली की गिऱ्हाइकंही हसायला लागली, आणि मीही.

साबण लावून कडं काढलं, तांदळाच्या डब्यात टाकलं, आईची माफी मागितली, आता तुझी मागते. शुक्रवारी रिया म्हणाली, आजी, तू रोजच्या जागी बस. बसले, दिसणार नाही अशी. तासभरात पडदा एकदाही हलला नाही. शेवटी तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. पास झाली, भामा. ठमाबाईला वाटीभर बिरडं नेऊन दिलं आणि लॅपटॉप बघायला ये म्हटलं, तर म्हणते, "नको गो बाय, परत काय झाला तर माजाच नाव."

तुझीच,
गुणा

ता. क. कडं काढल्यापासून मनगट पहिल्याइतकंच दुखतं, जास्त नाही, कमी नाही. तूही काढ. नारळी पौर्णिमेला तू होडीत बसलीस आणि होकायंत्र गोल फिरलं, निकेशने सुकाणूवरच्या बिचाऱ्या तांडेलाला झापलं, ते आठवतं ना?

ता. क. दुसरं. मुलाखतीची अजून एक फेरी येत्या गुरुवारी आहे. त्यात पास झाली की पोरीला बेंगळुरूला जावं लागणार. म्हणते, दर रविवारी पडद्यावर दिसेन. मी हो म्हटलं, पेढेही वाटले. पण तांदळाचा डबा दिवसातून दोनदा उघडावा लागतो आणि कडं वरच आहे. तर भामा, कसंही करून बुधवारच्या आत ये आणि ते करंज्याला घेऊन जा. माझ्या हाताचा मला भरवसा नाय.