बाबांनी वाळू मोकळी केली

सौंसर, मंगळवार, संध्याकाळ

कामावरून आले तर घरात सडक्या अंड्यांचा वास. माझ्या खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीतली वाळू बाबांनी खुरप्याने तळापर्यंत उकरली होती. म्हणाले, "दगडावानी दबली होती ना बाई. संत्र्याच्या आळ्यासारखी मोकळी केली. बुडाले हवा नको लागाले?"

नकोच लागायला. तळाच्या बिनहवेच्या थरातले जिवाणू पाणी स्वच्छ ठेवतात; तो थर हलला की विषारी वायू वर येतो. हे मी त्यांना कधी सांगितलं होतं? नाही. मी कुठे काय सांगते कुणाला?

अर्धं पाणी बदललं, वायू शोषायला कोळशाची पिशवी टाकली, हवेच्या पंपाचा जोर वाढवला. तरी दोन्ही मासे वर येऊन धापा टाकताहेत. प्रवाळ मिटलेलं आहे. पुन्हा पाहिलं, मिटलेलंच.

"माझं काही चुकलं का?" बाबांनी विचारलं.

"नाही," मी सवयीने म्हणाले.

"मंग तो कोपरा राहून गेला, उद्या करून टाकतो."

आता बोलावंच लागलं. "नका करू जी बाबा. मरून जातील ते."

मासे अजून जिवंत आहेत. बाबा टाकीसमोर खुर्ची घेऊन बसलेत. जेवायला दोनदा हाक मारली, उठत नाहीत.