पदराने पुसलेला डायोड

आई, आज दुपारी टेबलावर एक लेझर ड्रायव्हर, म्हणजे लेझरला मोजून करंट देणारं सर्किट, टेस्टला लावला आहे आणि तो तापून स्थिर होईपर्यंत मला खुर्चीवरून उठता येत नाही. मनगटाला पट्टा आहे, त्याची वायर अर्थिंगला जोडलेली. अंगात साठलेली वीज तिथून निघून जावी आणि समोरचा नाजूक लेझर डायोड जगावा म्हणून आमच्याकडे सगळ्यांनाच हा पट्टा बांधावा लागतो. इतर लोक कुरकुर करतात. मला मात्र तो बांधताना रोज तुझी निळी सिंथेटिक साडी आठवते आणि मी एकटीच हसते.

तुझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष. कापूस कमी आल्याने दिग्रसच्या सरकी काढायच्या जिनिंग गिरण्या त्या हंगामात उशिरा सुरू झाल्या होत्या, आणि कापसाचा विषय निघाला की चांगली बोलणारी माणसंही गप्प व्हायची. तू हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत होतीस, मी यवतमाळला पॉलिटेक्निकमध्ये होते आणि शनिवारच्या एसटीने घरी यायचे. अशाच एका शनिवारी भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "बारीक धाग्यावरून उजेड वळते अन् भिंतीवर त्याचे तुकडे पडते, हे मी साऱ्या नोकरीत फळ्यावर काढून दाखवलं. पण मीनंच ते कधी पाह्यलं नाही. रिटायर व्हायच्या आधी एकदा पोराईले दाखवलं असतं." तू सहज बोललीस, पण तुझे हात परातीत थांबले होते. तू स्वतःसाठी काही मागितल्याचं मला तरी दुसरं आठवत नाही.

किल्लीच्या कडीला लावायचे छोटे लेझर तेव्हा मिळायचे, पण वर्ग शांत होईपर्यंतच ते मंद व्हायचे. म्हणून मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दुकानातून बंद पडलेले तीन डीव्हीडी रायटर आणले आणि प्रत्येकातून लाल लेझरचा एकेक डायोड काढला. लोडशेडिंगचा भरवसा नव्हता, तेव्हा सर्किट तुझ्या स्कूटरच्या बॅटरीवर चालेल असं बांधलं. एक आयसी, एक रेझिस्टर, एक कपॅसिटर, एवढाच पसारा, तोही ओट्यावर तुझ्या पोळपाटाशेजारी. लेझरला मिळेल तेवढा करंट तो खातो आणि त्यानेच मरतो, ड्रायव्हरने हात आखडता ठेवायचा असतो, असं मी तुला समजावलं. तू म्हणालीस, "म्हंजे पाहुण्याले पचते तेवढंच वाढायचं, त्यानं मागतलं तरी." आज मी नव्या लोकांना शिकवताना हेच वाक्य वापरते, फक्त प्रमाण मराठीत.

आधी लेझरच्या जागी साधे डायोड ओळीने जोडून चाचणी घेतली. मीटरचा काटा जिथे हवा तिथे जाऊन बसला. मग तू खरा डायोड उचललास, त्याची इवलीशी काच पदराने पुसलीस आणि माझ्या हातात दिलास. मी जोडला. आत मरगळलेली लाली दिसली, पण भिंतीवर ठिपका नाही. डायोड गेला होता. कपॅसिटरमध्ये वीज उरली असेल म्हणून पुढच्या वेळी मी आधी त्याचे पाय जुळवून तो रिकामा केला. तू दुसरा डायोड पुसून दिलास. तोही गेला. मी चिडून सर्किट फेकायला निघाले, तेव्हा तू माझा हात धरलास. "त्याले काहून बोल लावतं? मीटर त सांगून राह्यलं का ते बरोबर हाय."

संध्याकाळी लाईट गेली. थंडीचे कोरडे दिवस होते. साडी बदलायला तू पदर ओढलास आणि अंधारात चटचट आवाज होऊन निळ्या ठिणग्या उडाल्या. तू पदर हातात धरून तशीच उभी राहिलीस. चष्मा, वाटी, माझं तोंड, सगळं ज्या पदराने पुसायचीस, त्याच पदराने तू डायोडही पुसला होतास. मग तू स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस. "अवं माय, मीच मारून राह्यली त्यायले. कापसाच्या गावात राहून नायलॉन नेसते अन् वरून सायन्स शिकवते."

दुसऱ्या दिवशी तू पेटीतून सुती साडी काढलीस, अंगातली वीज जमिनीत उतरावी म्हणून फरशीवर ओलं पोतं अंथरलंस आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलीस. उरलेला एकच डायोड होता. मी जोडला आणि कॅलेंडरच्या बाजूला लाल ठिपका उभा राहिला, स्थिर आणि टोकदार. तू पहिलं काय म्हणालीस तर, "डोळ्यात कोणी पाह्यचं नाही, भिंतीवरच पाह्यचं." मास्तरीणच तू.

सोमवारी मी कॉलेज बुडवलं. तुझ्या शाळेतल्या प्रयोगशाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. आधी लेझरसमोर माझा केस धरला आणि भिंतभर उजेडाचे तुकडे ओळीने पडले. मग तांड्यावरच्या एका मुलीने तिच्या वावरातून आणलेल्या बोंडातला एक तंतू धरला. ती बराच वेळ पाहत राहिली. "मॅडम, याची ओळ अशी वाकडी काहून?" तू म्हणालीस, "कापसाले अंगचा पीळ असते म्हणून. पीळ असते म्हणूनच त त्याचं सूत निघते." ती म्हणाली, "मी सांगीन घरी. आमच्याकडे यंदा कापसाचं नाव घेत नाही कोणी." तू तिच्या पाठीवर हात ठेवलास आणि पुढच्या मुलाला जागा करून दिलीस.

आता समोरचा काटा स्थिर झाला आहे, पट्टा सोडता येईल. हा कागद घडी करून डब्याच्या पिशवीत टाकीन, तू गेल्यावर आता पाठवायचा तरी कुठे. फक्त एक राहिलं. तेव्हा तू विचारलं होतंस, कापसाचं कसं दिसलं, आणि मी म्हणाले होते, छान. आई, मी भिंतीकडे पाहिलंच नव्हतं. तू पाहत होतीस ना, मी तुलाच पाहत होते.