सर्दी पळवायला निघालेले आमचे हे

सोलापूर, मंगळवार

तीर्थस्वरूप दानाक्काच्या पायी धाकट्या जगदेवीचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला उतरला का? इकडे सगळे खुशाल असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. खरं काय ते पुढे वाच.

आठ दिवसांपूर्वी ह्यांना सर्दी झाली. (पुरुषाची सर्दी एकट्याची नसते, अख्ख्या घराला कामाला लावते.) मी अडुळशाचा काढा केला, तो ह्यांनी खिडकीतून जास्वंदीला पाजला. कारण कचेरीतले नवे साहेब म्हणाले होते, "औषधं कसली घेता? सकाळी दोन मैल पळा, सर्दी जाते." साहेब स्वतः बंगल्यापासून कचेरीपर्यंत मोटारीतून येतात, पण ते असो. ह्यांची हेडक्लार्कची जागा साहेबांच्या सहीवाचून अडली आहे. साहेबांनी झाडावर चढायला सांगितलं असतं तरी हे चढले असते.

काल सकाळी स्वारी निघाली. खाली गुडघ्यापर्यंतची चड्डी, वर कचेरीचा कोट, गळ्यात मफलर, कानांवरून माझी लोकरीची शाल आणि हातात रुमाल. तुला ठाऊकच आहे, गेल्या सालच्या मार्शल लॉपासून आमच्या पेठेत कुणी पळताना दिसलं की लोक आधी दुकानाच्या फळ्या लावतात आणि मग कारण विचारतात. नाक्यावर टांगेवाले गैबीसाब घोड्याला चारा घालत होते. (पुढची हकीकत त्यांच्याच तोंडची. ह्यांच्याकडून एवढंच कळलं की व्यायाम उत्तम झाला.) त्यांनी घाबरून विचारलं, "काय झालं रावसाब? पोलीस आले काय?" ह्यांना म्हणायचं होतं नाही, नाही. पण नाक चोंदलेलं, त्यामुळे तोंडातून आलं, "दाही, दाही!"

दहा पोलीस! ही बातमी ह्यांच्यापेक्षा जोरात पळाली. पुढच्या बोळात दहाचे पन्नास झाले, विणकरांच्या आळीत पन्नासाची पलटण झाली. माग थांबले, बाया पोरं उचलून आत गेल्या आणि वीस-पंचवीस बाप्ये ह्यांच्या मागून धावू लागले. ह्यांना काय वाटलं असेल? आपलं पाहून लोकांना व्यायामाची गोडी लागली! मागे पडायला नको म्हणून हे आणखी जोरात सुटले. एवढा जमाव धावतोय म्हटल्यावर मात्र खरेच दोन शिपाई आले. बाकीचे क्षणात बोळांत गडप झाले. शिंक आल्यामुळे हे जागीच थांबले होते, म्हणून एकटे सापडले.

चौकीत फौजदारांनी विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून पळत होता?" ह्यांनी साहेबांचं नाव सांगितलं आणि टेबलावरच्या कागदांवर शिंकले. मग साहेबांना बोलावणं गेलं. साहेब मोटारीतून आले आणि ह्यांच्या तोंडावर म्हणाले, "मी असं काही सांगितलेलं नाही." तर हे काय म्हणाले असतील, अक्का? "होय साहेब, माझीच ऐकण्यात चूक झाली." गैबीसाब टांगा घेऊन बाहेर उभे होते, त्यांनी कानांनी ऐकलं. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पंधरा वर्षांच्या संसारात माझ्यापुढे ह्यांनी एकदाही स्वतःची चूक कबूल केलेली नाही. घरी आल्यावर म्हणाले, हे सगळं तुझ्या काढ्यामुळे झालं.

ह्यांची सर्दी आता अगदी बरी आहे. मुलांना आशीर्वाद.
तुझी जगदेवी

ता. क. सर्दी बरी झाली ती मला देऊन. कालपासून अंगात ताप आहे. मला पळा म्हणून कुणी सांगितलं नाही. सात माणसांच्या भाकऱ्या थापते आहे. माझं दुखणं वाढलंय, बहिणीला पंधरा दिवस धाडा, असं ह्यांना लिही आणि गुरुवारी भावजींना न्यायला पाठव. एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं.

आणखी ता. क. पत्र टपालात टाकायला ह्यांच्याच हाती देते आहे. बायकांच्या पत्रात वाचण्यासारखं काय असतं, असं म्हणून ते उघडत नाहीत. उघडलंच, तर भावजींना त्रास नको. रागाच्या भरात हे स्वतःच मला उद्या तुझ्या दारात आणून सोडतील.