आई जिवंत असताना

ओस्मारा

चि. तिस्का हिला आशीर्वाद. मठाच्या शाळेत पत्राची सुरुवात शिव्यांनी करायला शिकवलं नाही, म्हणून.

हिमफुलांच्या महिन्याच्या नऊ तारखेला, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, गायनमंदिराच्या प्रवेशपरीक्षेत तुझी नात निव्हा तुझ्या-माझ्या आईचं मरणगीत गायली. चौतीस वर्षं तिथं शिकवलं म्हणून मला अजून पहिल्या रांगेत बसवतात. तिथून सगळं स्पष्ट ऐकलं.

गीतात आईचं नाव ऐकून शेजारी बसलेले ओर्दोगुरुजी हळहळले, "अरेरे, तुमच्या आई गेल्या? कळवायचं तरी, बाई!"

"कालच तिचं पत्र आलंय," मी म्हणाले. "माझ्या अक्षराला नावं ठेवणारं."

तिसऱ्या कोणाला शिकवणार नाही, अशी शपथ घेऊन ते गीत आपण दोघींनी बांधलं. मेलेल्या आईच्या उशाशी मुलींनी ते एकदाच गायचं, आणि एकदा गायलं की ते संपलं. हे तुला मी सांगायला हवं? मागितलं असतंस, तर निव्हासाठी दहा गाणी बांधून दिली असती.

पोरीला प्रवेश मिळाला. गळा चांगला आहे. तिला मी काही बोलले नाही.

आईचा खोकला कसा आहे? सूप तरी पिते ना? तिला यातलं अक्षरही कळता कामा नये.

ती जाईल तेव्हा आपण काय गायचं, याचं लेखी उत्तर तुझ्या हातचं, येत्या वीस तारखेला दुपारी बाराच्या आत मला मिळालं पाहिजे. नावाड्याकडून तोंडी निरोप चालणार नाही.

तुझी थोरली बहीण,
ओरेना